थंडीभत्ता

हीटरकाकांनी चाळीस वर्षं आपल्या थंड मायदेशात लोकांचे हीटर दुरुस्त केले आणि निवृत्त होताच बायकोला घेऊन एका उकाड्याच्या देशात मुक्काम हलवला. तिथे ते दिवसभर बनियनवर बसून उन्हाच्या नावाने बोटं मोडायचे. तरी म्हाताऱ्यांनी घर गरम ठेवावं म्हणून मायदेशाचं सरकार त्यांना दर वर्षी इमानेइतबारे थंडीभत्ता पाठवायचं. पहिल्याच भत्त्यातून काकांनी कूलर आणला.

मायदेशातल्या मेहुण्याला हे समजलं. तोही निवृत्तच. दर रविवारी फोनवर तो एकच टुमणं लावायचा, "आम्ही इथे कुडकुडतो दाजी, आणि तुम्ही सरकारच्या पैशाने गार वारा खाता."

"कर भरलाय मी, भीक नाही मागितली," काका गुरगुरायचे. पण बोलणं झोंबायचं. शेवटी एका हिवाळ्यात तिरमिरीत ते भत्ता बंद करण्याचा अर्ज खिशात घालून मायदेशी आले आणि मेहुण्याकडे उतरले.

घर बर्फासारखं गार. मेहुणा दोन स्वेटर चढवून बसलेला. काकांनी सवयीने हीटर खोलला. हीटर ठणठणीत होता.

"लावत का नाहीस? भत्ता मिळतो ना तुला?"

"त्याची तिकिटं काढली. तुमच्याकडे येतोय, दोन महिने," मेहुणा म्हणाला. "ऊन काय, तिथे फुकटच."

काकांनी खिशातला अर्ज काढून टराटरा फाडला.

"ये," ते म्हणाले, "पण कूलरसमोर बसायचं नाही."