ढगाच्या रंगाचा पडदा

उदगीरचा एक माणूस लातूरला आमच्याकडे मोटरवर चालणाऱ्या पडद्यांचे नमुने घेऊन यायचा. कपाळावर विभूती, आणि बोलणं इतकं हळू की आपलाही आवाज आपोआप खाली यायचा. माप घेण्याआधी तो खिडकीसमोर बसून नुसता उजेड बघत राही. मी घाई केली की म्हणे, "दमानं घ्या साहेब. अंधार कसा पाहिजे, ते सांगा आधी." मला तो जरा लहरीच वाटायचा.

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. एका दुपारी त्यानं पश्चिमेच्या खिडकीला करडा पडदा लावून पाहिला आणि रिमोट माझ्या हातात दिला. मी बटण दाबलं. पडदा सावकाश उतरला, आणि आभाळ भरून यावं तशी खोली सावळी झाली.

कोपऱ्यातल्या पलंगावर आई झोपली होती. तिला जाग आली. दिसायचं कमीच. "भरून आलं की रे! पन्हळीखाली घागर लावा कुणीतरी."

मी तिला खरं सांगणार होतो. तेवढ्यात तो उठला, रिकामी घागर उचलून रणरणत्या उन्हात गेला आणि पन्हळीखाली ती नीट बसवून आला. चेहऱ्यावरून घाम निथळत होता. आईनं त्याला जवळ बोलावून चेहरा चाचपला, पदरानं पुसला.

"लई भिजलास की रे, बाबा."

"हाव, माय."

रिमोट माझ्याच हातात होता. पडदा वर करायचं मला काही जमलं नाही.