चौधरी सरांचं सॅम्पलिंग

किस्से काही ठरवून जमत नाहीत. ते घडत असतात तेव्हा आपण नुसते वैतागलेले असतो. पण जळगावच्या कॉलेजातले आम्ही दोघे-तिघे आजही भेटलो, की चहा यायच्या आत चौधरी सरांचा एक किस्सा सांगून झालेला असतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सर कंट्रोल सिस्टीम शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लेक्चरर होतो. सॅम्पलिंग समजावताना ते फळ्यावर आधी पातेलं काढायचे. "आई दुधाकडे सारखी बघत उभी राहते का? मधूनमधून बघते. फार उशिरा बघितलं तर दूध उतू जातं, सारखं बघत बसली तर पोळ्या राहतात. मशीनचंही तेच." परीक्षेत एका पोराने पातेलं काढलं, शेगडी काढली, आईसुद्धा काढली. सरांनी अर्धा मार्क कापला. शेरा होता, "गॅस चालू राहिला आहे."

*

सर हजेरीही तशीच घ्यायचे. दर पाचवा नंबर पुकारायचा, तो हजर असला की मधले चार हजर धरायचे. "थोड्या नमुन्यांवरून सगळं उभं करता आलं पाहिजे," असं वर तत्त्वज्ञान. पोरं काय कमी? पाच, दहा, पंधरा अशा नंबरांना वर्गात बसवून बाकीची सिनेमाला जायला लागली.

एक दिवस वर्गात मोजकी डोकी. सरांनी शांतपणे हजेरी घेतली, "वर्ग भरलेला आहे" म्हणाले आणि तासभर शिकवलं. टेस्टचे सगळे प्रश्न नेमके त्याच तासावर आले. तक्रार घेऊन आलेल्या पोरांना सर म्हणाले, "पण तुम्ही तर हजर होतात!"

*

लॅबमध्ये सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणारा एकच ऑसिलोस्कोप. लॅब सांभाळणाऱ्या इंगळे मॅडमनी त्याला घरी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घातलं होतं. एकदा स्क्रीनवर गोल लाटेऐवजी पायऱ्या दिसायला लागल्या. मशीन एकदा बघितलेला आकडा पुढचं बघेपर्यंत तसाच धरून ठेवतं, म्हणून तसं दिसतं. पोरगं घाबरलं. "मॅडम, लाटेच्या पायऱ्या झाल्या."

मॅडम पेपर तपासता तपासता म्हणाल्या, "मग हळू उतर."

ते कव्हर, सोल्डरचा वास आणि लाइट गेली की खिडकीत बसून खाल्लेल्या शेंगा, या सगळ्याची मला अजून आठवण येते.

*

सरांना एकच रुखरुख होती. जन्मभर कंट्रोलर शिकवले, पण स्वतः केलेला एकही खऱ्या कामाला लागला नाही. मेअखेर रिटायर व्हायचं होतं. तेवढ्यात रावेरचे केळीवाले नाना त्यांच्या पिकवणीच्या थंड खोलीला सरांनी केलेला कंट्रोलरचा डबा लावून घ्यायला तयार झाले. डबा दर दहा मिनिटांनी खोलीचं तापमान बघायचा आणि त्यावरून कूलिंग चालू-बंद करायचा. बघायला त्याला मिनिटभर लागायचं, तेवढा वेळ बाहेर लाल दिवा लुकलुकायचा.

पहिला माल काळा पडला. फार गारठलं की केळी अशी होतात. डबा तपासला, सेन्सर तपासला, काही सापडेना. शेवटी सर आणि मी खोलीबाहेरच ठाण मांडलं. दिवा लुकलुकला. नाना उठले, दार सताड उघडलं, केळी निरखली, दार लावलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"नाना, हे काय?" सरांनी विचारलं.

"मशीन जव्हा पाहे तव्हा मीबी पाह्यतो. दोघं मियून पाह्यलं तं काय वाईट?"

म्हणजे डब्याला दर वेळी रावेरची मे महिन्यातली हवाच लागत होती, आणि खोली तापली समजून तो बिचारा पुढची दहा मिनिटं गार करत सुटत होता! सरांनी दिव्याची वायर काढून टाकली. नाना म्हणाले, आणखी एक माल बघतो, तोही काळा पडला तर डबा घेऊन जा.

*

तो माल निघायच्या दिवशी आम्ही पुन्हा रावेरला. दुसऱ्या दिवशी सरांचा निरोपसमारंभ. बघतो तर खोलीला भलंमोठं कुलूप.

"नाना, चाबी?" सरांनी विचारलं.

"अक्काजवय. माले राहवत नाही, म्हनून तिलेच देली."

अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा.

"आणि अक्का कुठे आहेत?"

"चोपड्याले गेली, लेकीकडे. संध्याकायच्या गाडीनं येईल."

दुपारभर सर त्या दारासमोर क्रेटवर बसून होते. मला त्यांच्याकडे बघवेना. अक्का आल्या, कुलूप निघालं, तेव्हा सर म्हणाले, "नाना, तुम्हीच जा."

नाना आत गेले ते बराच वेळ येईनात. आले तेव्हा तोंडात अर्धं केळं होतं.

"सर, दुसरा डबा कव्हा देता? लहान्या भावालेबी पाह्यजे."

सर म्हणाले, "नाना, मी उद्या रिटायर होतोय."

"मंग परवा या."