पिस्त्याचा डबा आणि गळका फ्रिज

मार्चमध्ये माझी बायको सुमन गेली. एप्रिलमध्ये फ्रिज गळायला लागला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. मी शिकलेला माणूस आहे. (इथे आखातात, सलमाबादच्या एका गोदामात कागदपत्रं सांभाळतो आणि उरलेल्या वेळात पुस्तकं वाचतो. सुमनच्या मते क्रम उलटा होता.) पण गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिज हे तिचं संस्थान होतं. ती गेली आणि त्यानं टिपं गाळायला सुरुवात केली, तेव्हा मला घरात सोबत मिळाल्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की माझं रुमालावर भागत होतं आणि त्याला टॉवेल लागत होते.

पाणी बाहेर येत नव्हतं. ते आतच साचायचं, अगदी तळाला, भाज्यांच्या ड्रॉवरखाली. सकाळी ड्रॉवर ओढला की कोथिंबीर पोहत असायची.

माझी मुलगी ईरा सखीरला विद्यापीठात शिकते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत येतं. तिनं फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि निदान केलं.

"बाबा, इट्स सो सिंपल! फ्रीजरच्या मागे पाणी जायचं होल असतं, ते बर्फानं ब्लॉक झालंय. जस्ट डीफ्रॉस्ट इट."

"म्हणजे फ्रीजर रिकामा करायचा?"

"ऑब्व्हियसली!"

"मग नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं फ्रीजरकडे बघितलं आणि फोन बाजूला ठेवला. फ्रीजरमध्ये तिच्या आईचं वाटण होतं.

सुमन कुडाळची. भाजलेल्या खोबऱ्याचं नि कांद्याचं वाटण ती एकदम ढीगभर करून गोठवायची. शेवटचं केलं ते फेब्रुवारीत. त्यातला एक डबा शिल्लक होता. तिच्या हातचं या जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते वितळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. खायचंही नाही. नुसतं असू द्यायचं.

आता एक छोटी अडचण. सुमन सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरायची आणि डब्यावर अक्षर लिहायची नाही. "लिहायचं कशाला? मला म्हायती आसा ना!" त्यामुळे मँगोमध्ये मटार, स्ट्रॉबेरीत पुरण, असा कारभार. वाटणाचा डबा कुठला, हे मी तर्कानं शोधलं. पिस्त्याचा डबा सगळ्यात मागच्या कोपऱ्यात होता. झाकण बर्फानं घट्ट बसलेलं, आत काहीतरी तपकिरी. माणूस मौल्यवान वस्तू मागेच ठेवतो. (याखेरीज माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. पण तर्कशुद्ध माणसाला पुरावा लागत नाही!)

तेव्हा फ्रीजर तसाच ठेवून पाण्याचा बंदोबस्त करायचा होता. आधी टॉवेल झाले. मग परात. मग मी पुस्तकी उपाय केला. पाणी पुढे आलं तर पुसायला सोपं, म्हणून फ्रिजच्या मागच्या पायांखाली शब्दकोशाचे दोन खंड सरकवले. पाणी पुढे आलं! पाठोपाठ दारही आलं. मी कामावर असताना ते आपोआप उघडलं आणि फ्रिज दिवसभर गुदैबिया थंड करत बसला. संध्याकाळी दूध फाटलेलं, भात आंबलेला, आणि फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा थर दुप्पट.

मी खंड काढून पुढच्या पायांखाली घातले. आता फ्रिज न्हाव्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखा मागे रेलला. अंडी मागे घरंगळली. पाणी मागच्या मागे झिरपून जमिनीवर आलं आणि शब्दकोशात शिरलं. 'क'पासून 'न'पर्यंतची मराठी भाषा फुगून दुप्पट झाली.

याच सुमारास समोरच्या फ्लॅटमधले हनीफभाई दारात उभे राहिले. ते रत्नागिरीकडचे, इथे कापडाचं दुकान. त्यांच्या बायकोची, शबानाभाभींची, सुमनशी घट्ट मैत्री होती.

"काय प्रोफेसर, फ्रिजला योगासनं शिकवताय?"

ईरानं त्यांना सगळं सांगून टाकलं. हनीफभाई चपला काढून आत आले. मग म्हणाले, "वहिनींचं वाटण ना? आमच्या फ्रीजरात ठेवू. उद्या शुक्रवार, सुट्टी. यल्ला, काम उरकून टाकू."

मी कबूल झालो, पण एका अटीवर. बाकीचे डबे न्या, पिस्ता माझ्या नजरेआड जाणार नाही.

"अहो, नजरेसमोर वितळेल ना तो!"

त्यावरही मी विचार केला होता. शुक्रवारी सकाळी मी, सहलीला नेतो तो, थर्माकोलचा खोका आणला, त्यात पिस्त्याचा डबा ठेवला, चारी बाजूंनी बर्फ रचला, झाकण लावलं आणि हवा शिरू नये म्हणून वर स्वतः बसलो.

"बाबा, यू आर सिटिंग ऑन मसाला," ईरा म्हणाली.

"तू भोक बघ."

ती फ्रिज बंद करून गरम पाण्याची पातेली आत ठेवत होती. तेवढ्यात शबानाभाभींचा फोन आला. बकरी ईद नुकतीच झाली होती, त्यांचा फ्रीजर मटणानं गच्च भरलेला.

"भाऊ, बाकीचे बसले, पण एक व्हॅनिलाचा डबा काय मावत नाही. पाणी सुटायला लागलंय. काय करू?"

"वापरून टाका, भाभी!"

"सगळा?"

"सगळा! मला इथला एक सांभाळता आला म्हणजे झालं."

"बघा हां. नंतर म्हणाल."

"खलास, भाभी!" मी उदारपणे म्हणालो. बुडाखाली खजिना असला की माणूस उदार होतो.

दुपारी बर्फाचा अखेरचा तुकडा निखळला. मागे बोटाएवढं भोक दिसलं. ईरानं औषधाच्या पिचकारीनं त्यात गरम पाणी सोडलं. फ्रिजनं घशात गुळण्या केल्यासारखा आवाज काढला आणि सगळं पाणी निघून गेलं. दोन महिन्यांचं दुखणं एवढ्यात संपलं.

रात्री भाभींनी जेवायला बोलावलं. कोंबडीचा रस्सा होता. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. शेजारी ईराचाही हात थांबला होता.

"आईचं आहे," ती म्हणाली. मराठीत.

"तिचंच तर!" भाभी म्हणाल्या. "व्हॅनिलातलं. दोनदोनदा विचारलं नाही मी? तुम्हीच म्हणालात, खलास!"

मग हनीफभाईंनी घसा साफ केला. "मग प्रोफेसर, दिवसभर तुम्ही अंडी उबवत बसला होतात ते कशावर?"

ईरा धावत जाऊन खोका घेऊन आली. पिस्त्याचं झाकण सुरीनं उचकटलं. आत बांगड्यांची डोकी होती. नीट रचून ठेवलेली.

"ही मांजरांची!" भाभी म्हणाल्या. "बिल्डिंगच्या मागं येतात ना, त्यांना घालायची सुमन. रोज जायची की! तुम्हाला म्हाईतच नाय?"

मला माहीत नव्हतं. मी पुस्तक वाचत असणार.

पहिल्यांदा ईरा हसली, मग हनीफभाई, आणि मग मी, जरा जास्तच वेळ. "भाभी, अजून वाढा," मी म्हणालो. आम्ही खुबूज रोटीच्या तुकड्यांनी पातेलं पुसून घेतलं. सुमनचं वाटण पहिल्यापासून फार तिखट. त्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

फ्रिज आता गळत नाही. सुमनच्या हातचं घरात काही उरलेलं नाही. फ्रीजरमध्ये मी केलेलं वाटण आहे, डब्यावर ठळक अक्षरांत तसं लिहिलंही आहे. ते जपावं लागत नाही. ईरा त्याला हात लावत नाही, आणि मी थोडं मांजरांना घालून पाहिलं, तर त्यांनीही खाल्लं नाही.