सप्टेंबरात न सांगितलेला डोंगर

नयना मूळची नाशिकची, म्हणजे खिडकी उघडली की एखादा डोंगर डोकावतोच, अशा गावची. भूगर्भशास्त्र शिकून ती नोकरीला आली कतारमध्ये. इथल्या सर्वांत उंच जागेला आपल्याकडे कोणी टेकडीही म्हणणार नाही. बाई तेव्हापासून अस्वस्थ. अल नस्र भागातल्या तिच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट असून जिना चढायची, आणि वर पोचली की खाली काहीतरी विसरलेलं असायचं.

तेलविहिरींतले खडक तपासणाऱ्या तिच्या लॅबमध्ये लोरेन होती, अमेरिकेतल्या नावाहो लोकांपैकी. एका जानेवारीत चहा पिताना तिनं आपल्या पवित्र डोंगराची कथा सांगितली. न्यू मेक्सिकोतला माउंट टेलर. नावाहोंच्या भूमीची दक्षिण सीमा राखणारा. अट एकच: ही कथा हिवाळ्यातच सांगायची, साप-अस्वलं झोपलेली असताना. नयनानं शब्द दिला.

इथल्या मराठी मंडळानं यंदा या डोंगरावर तिचं व्याख्यान ठेवलं ते गणपतीत, सप्टेंबरात. ऑक्टोबरात नोकरी संपून ती नाशिकला परतणार होती. म्हणजे आता नाही तर इथे कधीच नाही.

"इथे साप कोणाला भेटलाय?" अट ऐकून मंडळाचे सेक्रेटरी राजाभाऊ म्हणाले.

"वाळवंटात असतात."

"मग हॉलचा एसी सोळावर ठेवतो. बायका शाली घेऊनच येतात. कतारमध्ये याहून कडक हिवाळा नाही."

"श्रावणातल्या कहाण्या तुम्ही शिमग्यात वाचता का?"

"ऐकायला कोणी बसलं तर वाचू की, नयनाताई."

घरी लेक अंतरा म्हणाली, "आई, जस्ट टेल देम. हू विल नो?"

"कोणालाच कळणार नाही, हीच तर अडचण आहे," म्हणून नयना पुन्हा जिन्याकडे निघाली.

व्याख्यानात तिनं ज्वालामुखी सांगितला. तीसेक लाख वर्षांपूर्वी लाव्हा उसळू लागला, थरावर थर चढले, मग सगळं विझलं. "आपल्या सह्याद्रीपुढे कालचं पोर," ती म्हणाली. लोक खूश झाले. मग पडद्यावर बर्फाचा माथा आला आणि ती थांबली.

"इथून पुढे देव येतात. ते हिवाळ्यात."

"म्हणजे इंटरव्हल?" पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

राजाभाऊंनी रिमोट उचलून एसी आणखी खाली नेला. नयनानं प्रोजेक्टर बंद केला. आभारात व्याख्यानाला 'अपूर्ण, पण माहितीपूर्ण' म्हटलं गेलं आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळली.

डिसेंबरात नाशिकहून राजाभाऊंना फोन आला.

"थंडी पडली. आता सांगते."

"आत्ता? मी ऑफिसात आहे हो. आणि नाशकात बिबटे जागे असतात ना?"

"अटीत बिबटे नाहीत."

राजाभाऊंनी केबिनचं दार लावून घेतलं. पलीकडे ती येरझाऱ्या घालत असावी. आवाज जवळ येत होता, लांब जात होता. एरवी कोणाचंही बोलणं अरबी "यल्ला", म्हणजे 'चला, आटपा', म्हणून तोडणाऱ्या राजाभाऊंनी मध्ये एकदाही "यल्ला" म्हटलं नाही.