लॉपींचा जेम्स

एल्सपेथ स्मिथच्या आईनं, म्हाताऱ्या जीननं, एके दिवशी फर्मान सोडलं, "माझ्या थडग्यावर नुसतं स्मिथ घाल. फ्लेट नको."

स्कॉटलंडच्या मोरे किनाऱ्यावरच्या त्या कोळीवाड्यात ही मागणी भलतीच होती. तिथं बाई जन्मभर सासरच्या नावानं वावरली तरी दगडावर माहेरचं नाव येतंच. पण जीन दोन वर्षांची असताना तिचा बाप, जेम्स फ्लेट, हेरिंग माशांच्या हंगामाला इंग्लंडात यार्मथला गेला तो परतलाच नाही. पुढच्या हंगामात गावच्या जेम्स फ्लेटनं तिथल्या एका विधवेशी लग्न लावल्याची बातमी आली, आणि त्याचं नाव घरात निघेनासं झालं. जीननं पुढे दुसऱ्या मुलाला रिवाजाप्रमाणे आपल्या बापाचं नाव द्यायचं सोडून सिनेमातल्या नटाचं दिलं, केनेथ. घराण्यात कुणाचंच नसलेल्या त्या नावावरून शाळेत पोरं त्याला 'उपरा' म्हणून छळायची.

"दगडावरून पुसलं की बाप पुसला जातो होय?" एल्सपेथनं विचारलं.

"त्यानंच आधी मला पुसलं," आई म्हणाली.

एल्सपेथनं सगळी हयात मासे धुरी देऊन टिकवायच्या कारखान्यात काढलेली. माघार तिला ठाऊक नव्हती. आई आहे तोवर खरं-खोटं व्हायला हवं, असं तिनं मनाशी ठरवलं आणि जुन्या नोंदी उपसायला घेतल्या. गावात फ्लेट उदंड, त्यातले निम्मे जेम्स. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असायचं. यांचं लॉपी. 'लॉपींचा जेम्स' म्हटलं तरच माणूस ओळखू यायचा. यार्मथच्या लग्नाच्या नोंदीत टोपणनाव नव्हतं. इंग्रजांना त्याचं काय पडलंय. नवरदेव जेम्स फ्लेट, बाप जेम्स फ्लेट, धंदा मासेमारी. एवढ्यावर तर निम्मं गाव बोहल्यावर चढलं असतं.

तो आजोबाच होता की दुसरा कुणी, ते ठरेना. जेम्स फ्लेटच्या मृत्यूच्या नोंदी तिनं हिवाळाभर चाळल्या. जुळणारी एकही नाही. केनेथ रविवारी जेवायला आला तेव्हा ती वैतागून बसली होती.

"ताई, आजोबांना गावात फ्लेट म्हणून कोण हाक मारायचं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही. लॉपी म्हणायचे."

"मग परक्या बोटीवर नाव विचारल्यावर गडी काय सांगेल? डोकं मासे ठेवायला दिलंय का तुला?"

त्या संध्याकाळीच नोंद सापडली. जेम्स लॉपी, खलाशी, लीथ बंदरातल्या दवाखान्यात न्यूमोनियानं मृत्यू. स्कॉटिश कारकुनानं शिरस्त्याप्रमाणे बायकांची माहेरची नावं लिहिली होती: पत्नी मार्गारेट मेअर, आई हेलन रीड. जीनची आई आणि आजी. गड्याचं आडनाव बदललं होतं, बायकांची जागच्या जागी होती. आणि यार्मथच्या त्या लग्नाआधीच आजोबा गेले होते.

एल्सपेथनं आईला सगळं दोनदा वाचून दाखवलं. "मी उगाच राग धरला," जीन म्हणाली. "दगडावर फ्लेट घाल."

मग तिनं पलंगाच्या पायाशी बसलेल्या मुलाकडे पाहिलं.

"जेम्स, तुझा चहा निवला की रे."

केनेथनं कप उचलला. "पितो, आई," तो म्हणाला.