पिशवी हलकी का झाली

फरगानाच्या खोऱ्यात, यायपानच्या अलीकडे, कालव्याकाठच्या एका गावातून कोकंद शहरात शिकायला जाणाऱ्या मुलींना रोज सकाळी दोन ओझी उचलावी लागत. एक वह्यापुस्तकांचे आणि दुसरे स्वच्छतेचे. परिचारिकांच्या त्या विद्यालयाचा नियम कडक होता. इस्त्री केलेला पांढरा कोट, डोक्याला पांढरी टोपी आणि रस्त्याची माती कधीही न लागलेला बुटांचा दुसरा जोड, एवढे जवळ असल्याखेरीज दारावरची बाई कोणालाही आत सोडीत नसे. शहरातल्या मुलींचे ठीक होते. त्या घरून निघत त्या जवळजवळ तशाच पोहोचत. गावाकडच्या मुली मात्र दमास नावाच्या चिंचोळ्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि चिखलाने लडबडलेले पाय एकीकडे, पांढरा कोट दुसरीकडे, असे सांभाळीत शहर गाठीत.

त्यांतल्या मुनिसाची पिशवी मात्र मुनिसा भरीत नसे. ती तिची सासू मस्तुरा भरी. लग्नानंतर सुनेने शिकावे, हे मस्तुराला मुळातच रुचले नव्हते. पण मुलगा अब्रोर रशियात इमारतींच्या कामावर होता आणि त्याने फोनवरून शब्द दिला होता. मुलाचा शब्द मोडायचा नाही आणि सुनेवरची नजरही काढायची नाही, या दोहोंतून मस्तुराने हा मार्ग शोधला. ती कोट घडी करून तळाशी ठेवी, त्यावर कागदात गुंडाळलेले बूट, मग पुस्तक, लोकरी शाल, चहाचा थर्मास, आणि सर्वांत वर झाकणाचा डबा. डब्याला ती फडके बांधी आणि फडक्याला अशी तिरपी गाठ मारी, की ती दुसऱ्या कोणी सोडून पुन्हा बांधली, तर ओळखू यावे. एवढे झाल्यावर पिशवी एकदा हाताने तोलून ती सुनेच्या खांद्याला लावी.

हे तोलणे तिच्या रक्तात होते. तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत मस्तुराने कापूस-खरेदीच्या केंद्रावर काट्यापाशी काम केले होते. वजन वाढावे म्हणून लोक कापूस ओला करीत, पोत्याच्या तळाशी ढेकळे घालीत, क्वचित टरबूजही सापडे. मस्तुरा कोपरापर्यंत हात घाली आणि चोरी बाहेर काढी. शेजारीण असो, नणंद असो की पाठचा भाऊ असो, काट्यापुढे तिला नातेगोते नव्हते. लोक तिच्यामागे म्हणत, "मस्तुराच्या दारात देवदूत आला, तरी ती आधी त्याचे पंख झटकून बघेल." हे तिच्या कानांवर येई आणि तिला त्यात स्तुतीच दिसे.

थंडीची सुट्टी संपली आणि मस्तुराच्या लक्षात आले की संध्याकाळी परत येणारी पिशवी हलकी असते. पहिल्या दिवशी तिने ती नुसती तोलली. दुसऱ्या दिवशी सुनेची पाठ वळताच तिने हात घातला. कोट नव्हता. बूटही नव्हते.

"कोट कुठंय गं?"

"कॉलेजातच ठेवते, ओयी," मुनिसा म्हणाली. ओयी म्हणजे आई, सासूलाही तेच. "कपाट दिलंय आम्हाला. रोज रोज वाहून न्यायचं कशाला?"

"आणि धुतं कोण? कपाट?"

"तिथंच धुते की."

मस्तुराने मान हलवली. खरोखर पटले असते तर ती आणखी भांडली असती. त्याच आठवड्यात तिने डब्याचे झाकण नाकाशी नेले. मेंढीच्या चरबीचा भात गार झाला की डब्याच्या कडेला पांढरा थर धरतो. तो नळाच्या गार पाण्याने कोणाच्या बापाला निघत नाही. हा डबा मात्र कढत पाण्याने धुऊन, पुसून, लख्ख करून आलेला होता. म्हणजे कुठेतरी चूल होती. शिवाय डबा रिकामा नव्हता. आत हलव्याचा तुकडा होता, पुढे कधी राखेत भाजलेल्या जर्दाळूच्या बिया, कधी वाळवलेली तुती.

"मैत्रिणीनं दिलं," मुनिसा म्हणे.

मैत्रीण देईल तर मुठीत देईल. दुसऱ्याचे भांडे धुऊन, त्यात काहीतरी घालून परत पाठवणे ही मुलीबाळींची रीत नव्हे, घराची रीत आहे. रिकामे भांडे परत करू नये, हे घर चालवणाऱ्या बाईलाच सुचते. तेव्हा कोकंदमध्ये एक घर होते. त्या घरात चूल होती, चुलीपाशी बाई होती. आणि बाई होती तर तिला एखादा मुलगाही असणार. आपल्या सुनेचे बूट कोणाच्या तरी उंबऱ्यावर काढलेले आहेत, या विचाराने मस्तुराला अन्न गोड लागेनासे झाले. हलवा तेवढा ती खाई. पुरावा पाहायला हवा, असे स्वतःला सांगून खाई. हलवा उत्तम असे, आणि त्यामुळे तिचा संशय अधिकच बळावे.

शेजारच्या तुर्सुनोयने भिंतीवरून विचारलेच. "काय गं, तुझ्या सुनेचा पांढरा कोट हल्ली दोरीवर दिसत नाही! शिक्षण संपलं का?"

"तू माझी दोरी कशाला मोजतेस? स्वतःच्या कोंबड्या मोज."

"मोजते बाई. माझ्या रोज घरी येतात."

हा घाव मस्तुराला बसला. रविवारी अब्रोरचा फोन यायचा होता. तेव्हा सांगून टाकायचे आणि हे कॉलेज कायमचे बंद करायचे, असे तिने ठरवले. परंतु हात घातल्याशिवाय पोते नाकारायचे नाही, हा तिचा आयुष्यभराचा नियम होता. म्हणून शुक्रवारी मुनिसा निघून गेल्यावर ती मागच्या गाडीने स्वतः कोकंदला गेली.

विद्यालयाच्या दारावरच्या बाईला तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "मुलींची कपाटं कुठल्या बाजूला आहेत?"

"कपाटं?" ती बाई मनापासून हसली आणि ताईला म्हणतात तसे म्हणाली, "ओपा, इथं मास्तरांना बसायला खुर्च्या पुरत नाहीत आणि तुम्ही कपाटं शोधताय!"

मस्तुराने आभार मानले. ती रस्त्यापलीकडे एका तुतीच्या झाडाआड उभी राहिली. दुपारच्या सुट्टीत मुनिसा बाहेर आली; एकटीच. कोट अंगावर, शाल वर, हातात डबा आणि कागदात गुंडाळलेले स्वच्छ बूट. ती कालव्याच्या बाजूची गल्ली चालू लागली आणि एका निळ्या दारापाशी येऊन, न ठोठावता, आत गेली. हे न ठोठावणे मस्तुराला सर्वांत जिव्हारी लागले.

ती मागोमाग आत शिरली. छोटे अंगण, वर वेलाचा सुका मांडव, कोपऱ्यात तंदूर. उंबऱ्यापाशी सुनेचे चिखलाचे बूट ओळखू आले; कागदात गुंडाळलेला स्वच्छ जोड तिने शेजारी नीट ठेवलेला होता. आणि त्यांच्या बाजूला, भिंतीला टेकून, पुरुषाचे भले मोठे रबरी जोडे.

 मस्तुराने ते जोडे उचलले आणि दारातूनच गर्जना केली. "कुणाचे आहेत हे? बाहेर ये! कोण आहेस तो, बाहेर ये!"

पडदा बाजूला झाला. आत पुरुष नव्हता. पीठ लागलेल्या हातांनी रोहत उभी होती. अब्रोरची पहिली बायको.

पाच हिवाळ्यांपूर्वी मस्तुरानेच तिला माहेरी धाडले होते. घरातला तांदूळ आणि तेल ही चोरून माहेरी पोहोचवते, असा तिचा ग्रह झाला होता. अब्रोर तेव्हा आईपुढे एक शब्द बोलला नाही. तलाक झाला, आणि त्या नावाला घरात जागा उरली नाही.

"ते जोडे तिथंच ठेवा, ओयी," रोहत शांतपणे म्हणाली. "बाजारातून जुने आणलेत. आई गेल्यावर हे घर भाड्यानं घेतलं, एकटी राहते ना. दारात पुरुषाचे जोडे दिसले की वाटसरू नीट चालतात."

मस्तुराने जोडे ठेवले. रोहतच्या मागे मुनिसा भिंतीसारखी पांढरी पडून उभी होती. हातात हाडांच्या चित्रांचे पुस्तक.

"या, आत या. उंबऱ्यावर उभं राहून भांडू नये, बरकत जाते," रोहत म्हणाली.

"मी तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही."

"असं?" रोहतच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. "अर्धा हिवाळा माझा हलवा खाल्लात, ओयी. आता पाण्याला कशाला घाबरता?"

 ज्या घरचे मीठ एक दिवस खाल्ले, त्या घराला चाळीस दिवस सलाम करावा, असे तिकडचे वडीलधारे सांगतात. आणि मस्तुराने तर हलव्याचा चुरा बोटाने टिपून खाल्ला होता. ती आत गेली आणि चौथऱ्याच्या कडेवर बसली, उठायला सोपे जाईल अशी. रोहतने नान मोडून पुढे ठेवली आणि पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून पाहुण्याला देतात तसा अर्धा पेला चहा ओतला.

"हिला कुठं गाठलंस?"

"गाठलं नाही, सापडली. मी कॉलेजच्या कोपऱ्यावर तंदूरात भाजलेले मांसाचे सामसे विकते. हिच्या कोटावर गाडीनं चिखल उडवला होता आणि दारावरच्या बाईनं परत पाठवलं. परीक्षेचा दिवस, आणि ही रस्त्यात उभी राहून रडतेय. घरी आणलं, कोट धुतला, इस्त्रीनंच वाळवला. कोण, कुठली, विचारलंही नव्हतं. मग डबा उघडायला दिला तिनं." रोहतने हात पुसले. "ती गाठ बघितली, ओयी. अशी गाठ सगळ्या फरगानात एकच बाई मारते."

"आणि तरी भांडं भरून पाठवलंस?"

"मग काय रिकामं पाठवू? तुम्ही मला सोडलंत. रीत मी का सोडू?"

मस्तुराने पेला उचलला, पण ओठाला लावला नाही. तिला वेगळीच शंका कुरतडू लागली होती. दोन सुना, एक बंद दार आणि रोजची दुपार.

"तुम्ही दोघी माझ्याबद्दल काय काय बोलता?"

"हाडांबद्दल बोलतो," मुनिसा पहिल्यांदाच बोलली. "खरंच, ओयी. ही पुस्तक धरते, मी पाठ म्हणते."

"हाडांबद्दल! रोज?"

"दोनशेच्या वर आहेत," रोहत म्हणाली. "तुमची पाळी अजून आली नाही."

मुनिसाने घाबरून तोंडावर हात ठेवला. मस्तुराने दोघींकडे आळीपाळीने पाहिले. ओल्या कापसाकडे पाहावे, तसे पाहिले. मग रोहत, नजर खाली न घालता, म्हणाली, "तेल मी नेलं होतं, ओयी. एकदाच. आई अंथरुणाला खिळली होती. तांदळाचा दाणा मात्र नेला नाही. तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही तांदूळही माझ्याच माथी मारला असता."

हा कबुलीजबाब ऐकायला मस्तुरा इतकी वर्षे टपली होती. आता तो मिळाला आणि काय करावे हे तिला कळेना. एका आजारी विहिणीसाठी नेलेले तेल. आणि त्यापायी एक घर मोडले, एक बाई परक्याचे जोडे दारात मांडून राहिली. तिने चहा प्यायला. गार झाला होता, तरी सगळा प्यायला.

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. शेते उघडी, करडी पडली होती. गाव जवळ आल्यावर मुनिसाने विचारले, "ओयी, उद्या जाऊ का मी कॉलेजला?"

"घरी चल आधी."

शनिवारी मस्तुरा सुनेला थांबवायचे विसरली की तिने थांबवले नाही, हे मुनिसालाही समजले नाही. पिशवी भरली गेली, एवढे खरे. पण रविवार अजून यायचा होता, आणि दोघींनाही ठाऊक होते की शेवटचा शब्द रविवारी बोलला जाणार आहे.

दुपारी फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला गेला. अब्रोरच्या डोक्यावर कामाची टोपी होती आणि चेहरा सुजल्यासारखा. "ओयी, तुर्सुनोयचा पोरगा इथं सांगत होता, तू मुनिसाच्या पाठोपाठ शहरात गेलीस म्हणून. काय भानगड आहे?"

चहा ओतणाऱ्या मुनिसाचा हात थबकला. रोहतचे नाव ऐकले की अब्रोर काय करील, हे दोघींना माहीत होते. जे त्याला आईपुढे जमले नव्हते, ते तो बायकोपुढे जमवील. आणि कॉलेज त्याच क्षणी बंद होईल.

"भानगड कसली?" मस्तुरा म्हणाली. "चिखलात कोट वाहून न्यावा लागतो. कॉलेजजवळ एका बाईकडे ठेवते. मी जाऊन घर बघून आले."

"कोण बाई?"

"सामसे विकते. म्हातारी आहे."

"नाव काय तिचं?"

मस्तुराने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "विचारलं नाही."

पडद्यावर अब्रोरने टोपी मागे सारली. "तू? तू नाव विचारलं नाहीस? अगं, अंडी विकायला आलेल्या बाईला तू आजोबांचं नाव विचारतेस! ओयी, काय लपवतेयस?"

"आईवर संशय घेतोस? कुणाचं वळण रे हे? तिकडं थंडी किती आहे ते सांग. आणि मफलर कुठंय? मी पाठवला तो मफलर कुठंय?"

मफलर हरवला होता. अब्रोर चाचरला, त्याने थंडीचे सांगितले, मुकादमाचे सांगितले, आणि फोन ठेवताना पुन्हा म्हणाला, "पुढच्या रविवारी नाव विचारून ठेव."

फोन काळा झाला. मुनिसा किटली हातात धरून तशीच उभी होती.

"बघतेस काय? चहा ओत," मस्तुरा म्हणाली. मग दाराकडे, भिंतीकडे, तुर्सुनोयच्या बाजूकडे एकेक नजर टाकून तिने आवाज खाली आणला. "तो आता सोडायचा नाही. माझाच मुलगा आहे. तुला वेगळं विचारील, मला वेगळं विचारील. दोघींचं उत्तर एकच यायला हवं. म्हातारी आहे, दात पडलेत, कानानं कमी ऐकते, असं सांग. आणि हे बघ, मी तिला म्हातारी म्हटलं, हे तिला जाऊन सांगू नकोस."