उंदरांना लागू पडलेलं औषध

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. सत्तरच्या दशकातल्या एका वर्षी डासांमुळे गावभर ताप पसरला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, चार दिवसांत तापातून उठली, पण तिचे सांधे धरलेलेच राहिले. नवरा गेल्यापासून विड्या वळून तिने दोन मुली वाढवल्या होत्या. आता तिची बोटंच मिटेनात.

त्याच सुमारास ग्रंथालयात एक परदेशी नियतकालिक हाती आलं. प्रयोगशाळेत बनवलेल्या, प्लॅस्टिकसारख्या लांब साखळीच्या एका पॉलिमरने डासांतून येणाऱ्या विषाणूपासून उंदीर वाचवले होते. लेख अर्धाच वाचून मी अक्काकडे धावलो. "अक्का, औषध निघालंय!"

तेव्हापासून मी दिसलो की ती विचारायची, "आलं का रं तुजं औषद?"

उरलेला लेख मी आठवड्याने वाचला. विषाणू टोचण्याआधी ज्यांना पॉलिमर दिलं होतं, तेवढेच उंदीर जगले होते. ज्यांना नंतर दिलं, ते मेले होते.

मी तिच्याशेजारी बसून हे सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे ताप यायच्या आदी पायजे व्हतं की," ती म्हणाली. "मग मला कशाला सांगितलंस?"

त्या हिवाळ्यात ती विडी कारखान्यात जाऊन आपलं नाव कमी करून आली आणि पानं कापायची कात्री तिने शेजारणीला देऊन टाकली.